लिनक्सात आधी सीपीयू कुणाला? नाइस, रीनाइस, आयोनाइस हाताने करून बघूया

लिनक्सची मशीन स्लो झाली की लोक पहिल्यांदा रॅम वाढवायला धावतात, नाहीतर सरळ फॉरमॅट मारतात. बऱ्याच वेळा दोन्हीची गरज नसते. मशीनमध्ये दम असतो, पण तो भलत्याच प्रोसेसकडे, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रॅमकडे, चाललेला असतो, आणि कुणाला आधी द्यायचं कुणाला मागं ठेवायचं हे सांगायची सोय लिनक्समध्ये नाइस, रीनाइस, आयोनाइस या कमांडींच्या रूपात आधीपासून बसवलेली असते, फुकट, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. फक्त कुणी वापरत नाही.

आधीच एक गोष्ट सांगून टाकतो. प्रायॉरिटी वाढवली म्हणून काम फास्ट होत नाही. दोघं तिघं एकाच सीपीयूसाठी भांडायला लागले की कुणी थांबायचं एवढंच तिच्यावर ठरतं. रिकाम्या बसमध्ये खिडकीची सीट कुणालाही मिळते, तसं सीपीयू रिकामा असेल तर सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीची प्रोसेससुद्धा १०० टक्के घेऊन बसते. त्यामुळं माझं सरळ म्हणणं असं की हलक्या कामाला वर चढवायच्या नादाला लागू नका, जड कामाला खाली ढकला. दहातल्या नऊ वेळा तेवढंच पुरतं आणि रूटचा, म्हणजे ॲडमिनचा, पासवर्डपण लागत नाही.

उदाहरण म्हणून शहापुरातलं एका मित्राचं दुकान घेऊ, बेळगावात असली दुकानं गल्लोगल्ली आहेत. झेरॉक्स, मराठी कन्नड इंग्रजी टायपिंग, मंडळांचे फ्लेक्स, आणि लग्नसराईत व्हिडिओचं काम. कॉम्प्युटर एकच, चार कोरचा (म्हणजे आत चार छोटे सीपीयूच), त्यावर उबुंटू. मागं एफएफएमपेग नावाच्या व्हिडिओच्या प्रोग्रॅमवर कुणाच्या तरी लग्नाचा दोन तासाचा व्हिडिओ कन्व्हर्ट व्हायला लावलेला, आणि पुढं काउंटरवर गिऱ्हाईक, "अण्णा, उतारा तेवढा काढून द्या की ओ, खानापूरची बस जाईल." आणि ब्राउझर काय उघडायला तयार नाही. व्हिडिओ संध्याकाळी द्यायचाय, उतारा आत्ता. म्हणजे कुणी थांबायचं हे माणसाला लगेच कळतंय, पण कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कोण सांगणार? त्याच्या लेखी दोन्ही प्रोसेस सारख्याच.

कमांडी मी वाचतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये टाकताना अक्षरं आणि आकडे दोन्ही इंग्रजीत टाका. पीआयडी लिहिलंय तिथं तुमच्या प्रोसेसचा नंबर घालायचा.

आधी बघा, अडलंय कुठं

हे केल्याशिवाय पुढं जाऊ नका. कारण नाइसने फक्त सीपीयूचं भांडण सुटतं. रॅम संपून मशीन स्वॅपवर, म्हणजे रॅमच्या जागी डिस्क वापरण्यावर, गेली असेल तर नाइस १९ लावा नाहीतर उणे २० लावा, काही ढिम्म हलत नाही.

टर्मिनल उघडा, टॉप टाइप करा, एंटर. वरच्या भागात सीपीयूची एक ओळ असते, तिच्यात छोटी छोटी नावं. यूएस म्हणजे साध्या प्रोसेसनी खाल्लेला वेळ, एसवाय म्हणजे कर्नलचा स्वतःचा, आयडी म्हणजे रिकामा, डब्ल्यूए म्हणजे डिस्कची वाट बघत बसलेला वेळ. आणि एनआय म्हणजे ज्यांना नाइस लावून खाली ढकललंय अशा प्रोसेसनी घेतलेला वेळ. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आयडी शून्याच्या आसपास आणि यूएस नव्वदच्या वर, म्हणजे सीपीयूचीच मारामारी, हा लेख तुमच्यासाठीच. डब्ल्यूए जास्त दिसला तर डिस्क अडलीय, खाली आयोनाइसचा भाग बघा. आणि फ्री -एच मारल्यावर स्वॅप भरत चाललेला दिसला तर ब्राउझरचे टॅब बंद करा नाहीतर रॅम घाला, इथं वेळ घालवू नका.

याच्यापेक्षा नेमकं बघायचं असेल तर कर्नल ४.२० पासून, म्हणजे २०१८ पासून, एक चांगली सोय आलीय:

कॅट /प्रॉक/प्रेशर/सीपीयू

तसंच शेवटी सीपीयूच्या जागी आयओ किंवा मेमरी घालून. त्यात सम नावाच्या ओळीत एव्हीजी१० चा आकडा असतो, गेल्या १० सेकंदातला किती टक्के वेळ कुणी ना कुणी त्या गोष्टीसाठी अडून बसलं होतं ते सांगतो. सीपीयूच्या फाइलमध्ये ४० आणि बाकी दोन्हीत शून्य असं दिसलं की निदान झालं. लोड अॅव्हरेज (रांगेतल्या प्रोसेसचा सरासरी आकडा) बघून अंदाज बांधणारे बरेच आहेत, पण लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कसाठी अडकलेल्या प्रोसेसपण मोजल्या जातात, त्यामुळं लोड ८ दिसला म्हणजे सीपीयूच कमी पडतोय असं काही नाही.

आकडे कसे वाचायचे

नाइसचा आकडा उणे २० पासून १९ पर्यंत, एकूण ४० पायऱ्या. कुणी काही सांगितलं नाही तर शून्य. आकडा वाढला की हक्क कमी, आकडा उतरला की हक्क जास्त. हे उलटं वाटतं, पहिल्या दिवशी सगळ्यांचा इथं घोळ होतो, पण एकदा बसलं डोक्यात की बसलं.

टॉपमध्ये दोन रकाने शेजारी शेजारी दिसतात, पीआर आणि एनआय. एनआय म्हणजे नाइस, पीआर म्हणजे त्यात २० मिळवून आलेला आकडा. नाइस ० तर पीआर २०, नाइस १९ तर पीआर ३९. काही ओळींत पीआरच्या जागी आरटी लिहिलेलं दिसेल, त्या रिअलटाइम प्रोसेस, त्यांचा कारभार वेगळा, शेवटी बघू. आणि केवर्करच्या नावानं सुरू होणाऱ्या काही ओळी उणे २० वर दिसतील, ते कर्नलचे स्वतःचे थ्रेड (थ्रेड म्हणजे प्रोसेसच्या आत वेगळा चालणारा कामाचा धागा), त्यांना हात लावू नका.

आता या आकड्याचं आत काय होतं ते बघा, कारण इथंच खरी गंमत आहे. कर्नल प्रत्येक नाइसला एक वजन देतो. शून्याला १०२४, १ ला ८२०, ५ ला ३३५, १० ला ११०, १५ ला ३६ आणि १९ ला फक्त १५. वरच्या बाजूला उणे ५ ला ३१२१, उणे २० ला तर ८८७६१. प्रत्येक पायरीला साधारण सव्वापटीचा फरक. एकाच कोरवर दोन प्रोसेस भांडत असतील तर वेळ या वजनाच्या प्रमाणात वाटला जातो. ० आणि ५ असेल तर १०२४ भागिले १३५९, म्हणजे पहिल्याला ७५ टक्के आणि दुसऱ्याला २५. ० आणि १० असेल तर ९० आणि १०. ० आणि १९ असेल तर साडेअठ्ठ्याण्णव आणि दीड.

याच्यातून दोन गोष्टी निघतात. एक, १९ लावलं तरी प्रोसेस उपाशी मरत नाही, थोडंथोडं का होईना मिळत राहतंय, त्यामुळं भिऊन ३ नाहीतर ४ असं चिंधी नाइस लावण्यात अर्थ नाही, लावायचंच तर १० च्या पुढं लावा. दुसरी, फरक महत्त्वाचा, आकडा नाही. ० आणि ५ मध्ये जी वाटणी होते तीच ५ आणि १० मध्ये होते. सगळ्यांनाच उणे १० करून ठेवलं तर सगळे परत सारखेच, काय मिळवलं?

हे वाटणीचं काम करणारा शेड्युलर २००७ मध्ये कर्नल २.६.२३ ला आला, इंगो मोल्नारने लिहिलेला, नाव सीएफएस. २०२३ मध्ये ६.६ कर्नलपासून त्याच्या जागी ईईव्हीडीएफ आला. कुणाला कधी बोलवायचं हे ठरवायची पद्धत बदलली, पण नाइसची वजनं तीच राहिली, त्यामुळं वरचे आकडे नव्या जुन्या दोन्ही मशीनवर चालतात.

हाताने करून बघा

वाचून विश्वास ठेवू नका, दोन मिनिटाचं काम आहे. येस नावाची एक कमांड असते, ती नुसती वाय वाय वाय छापत बसते, थांबवेपर्यंत. सीपीयू खायला एकदम बेस्ट. टास्कसेट लावून दोघांना एकाच कोरवर बांधायचं, नाहीतर चार कोरच्या मशीनवर दोघं वेगवेगळ्या कोरवर जाऊन बसतात, दोघांनाही १०० टक्के मिळतंय आणि तुम्ही म्हणता नाइस चालतच नाही.

एकाच टर्मिनलमध्ये, एकापाठोपाठ एक:

टास्कसेट -सी ० येस > /डेव्ह/नल &

टास्कसेट -सी ० नाइस -एन ५ येस > /डेव्ह/नल &

आता टॉप लावा. येसच्या दोन ओळी वर दिसतील, एकीला ७५ च्या आसपास, दुसरीला २५ च्या आसपास. त्या कोरवर दुसरं काही चाललं असेल तर थोडं मागंपुढं होईल. मग पहिलीला बंद करा, किल आणि तिचा पीआयडी, आणि दुसरीकडं बघा. नाइस ५ तशीच आहे पण सीपीयू सरळ १०० वर गेला. भांडणारा गेला, विषय संपला. झालं की किलऑल येस मारून सगळं साफ करा, विसरलात तर फॅन बोंबलत राहील.

"एकाच टर्मिनलमध्ये" हे मुद्दाम लिहिलंय, दोन टर्मिनल उघडून केलं तर वेगळंच काहीतरी दिसू शकतं. का, ते पुढं येतंय.

नवीन काम सुरू करताना: नाइस

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त उपयोगी हेच. जड कामाच्या कमांडीच्या पुढं नाइस लावायचं.

नाइस -एन १५ एफएफएमपेग -आय लग्न.एमओव्ही लग्न.एमपी४

बस. आकडा दिलाच नाही, नुसतं नाइस लिहून पुढं कमांड टाकली, तर १० धरला जातो. टॉपमध्ये बघितलं तर आता यूएसचा आकडा उतरलेला आणि एनआयचा वाढलेला दिसेल, म्हणजे सीपीयू अजून फुलच आहे पण जो वेळ जातोय तो मागं ढकललेल्या कामाचा जातोय. असं दिसलं की बिनघोर राहा. ब्राउझरला लागलं की त्याला लगेच मिळतं, गिऱ्हाईक उतारा घेऊन गेलं की एफएफएमपेग परत चारही कोर घेऊन बसतं. वजन १०२४ विरुद्ध ३६, म्हणजे जेवढा वेळ भांडण चाललंय तेवढा वेळ ब्राउझरला ९६ टक्क्यांच्या वर. आणि व्हिडिओला किती उशीर होतो म्हणाल, तर ब्राउझरने जेवढा वेळ घेतला तेवढाच, दुकानातल्या कामाला ते कळतपण नाही.

एक जुनी लिहायची पद्धत आहे, नाइस -१० असं डॅश लावून आकडा. हे उणे १० नाही बरं काय, हे अधिक १०. जुन्या स्क्रिप्टमध्ये असलं लिहिलेलं सापडतं आणि माणूस समजतो की प्रायॉरिटी वाढवलीय. तुम्ही नेहमी -एन लावूनच लिहा, वाचणाऱ्यालापण कळतंय.

नाइस हे वारशानं जातं. ज्या टर्मिनलला नाइस लागलंय त्याच्यातून जे काही सुरू कराल ते तेवढ्याच नाइसवर सुरू होणार. स्क्रिप्टला एकदा लावलं की तिच्या आतल्या सगळ्या कमांडींना लागतं, प्रत्येक ओळीवर लिहीत बसायला नको. आणि झीएसएच नावाचा शेल (टर्मिनलमध्ये कमांडी चालवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर शेवटी अँड लावून मागं टाकलेल्या कामाला ते स्वतःहूनच नाइस ५ लावतं, टॉपमध्ये हा ५ कुठून आला म्हणून डोकं खाजवत बसू नका. वरचा प्रयोग झीएसएचमध्ये केलात तर ० आणि ५ च्या जागी ५ आणि १० दिसेल, वाटणी तरीपण तीच, ७५ आणि २५.

चालू असलेल्या कामाला: रीनाइस, आणि थ्रेडची भानगड

व्हिडिओ अर्धा झालाय, आता बंद करून परत सुरू कोण करणार. त्याला रीनाइस.

रीनाइस -एन १५ -पी पीआयडी

जुना आकडा शून्य, नवीन पंधरा असं छापून येतं. पीआयडी माहीत नसेल तर पीजीरेप एफएफएमपेग मारा. टॉपमध्ये बसल्या बसल्यापण होतं, आर दाबा, पीआयडी टाका, आकडा टाका. एचटॉपमध्ये तर ओळीवर जाऊन एफ८ दाबला की नाइस एकेक वाढतं, एफ७ ने उतरतं. रीनाइसला दिलेला आकडा साधारण सगळ्या डिस्ट्रोवर (उबुंटूसारख्या लिनक्सच्या प्रकारांवर) तोच लागू होतो, आधीच्यात मिळवला जात नाही.

इथपर्यंत सगळीकडं लिहिलेलं असतं. जे सहसा लिहिलेलं नसतं ते असं, की लिनक्समध्ये नाइस हे पूर्ण प्रोसेसला नसून एकेका थ्रेडला असतं. वरची रीनाइसची कमांड फक्त मेन थ्रेडला लागते. आता एफएफएमपेगसारखं सॉफ्टवेअर व्हिडिओ एन्कोड करताना डझनभर थ्रेड उघडून बसतं आणि खरं जड काम ते थ्रेड करतात. तुम्ही रीनाइस मारलं, टॉपमध्ये एनआयच्या रकान्यात झोकात १५ दिसतोय, आणि ब्राउझर मात्र तसाच रडतोय. लोक इथं हात टेकतात, म्हणतात नाइस म्हणजे नुसतं दाखवायला.

बघायचं असेल तर टॉपमध्ये मोठा एच दाबा, मग प्रोसेसच्या जागी एकेक थ्रेड दिसायला लागतो. एका ओळीला १५, बाकी सगळ्या ओळी शून्यावर, आणि सीपीयू खाणाऱ्या त्याच शून्यवाल्या. उपाय सोपा आहे, प्रत्येक थ्रेडचा नंबर प्रॉकमध्ये टास्क नावाच्या फोल्डरमध्ये असतो, तो सगळा उचलून रीनाइसला द्यायचा:

रीनाइस -एन १५ -पी $(एलएस /प्रॉक/पीआयडी/टास्क)

आता परत मोठा एच दाबून बघा, सगळ्या ओळी १५ वर. सुरुवातीलाच नाइस लावून काम सोडलं असतं तर ही भानगडच नव्हती, कारण नवीन थ्रेड जन्मतानाच आईचं नाइस घेऊन येतो. म्हणून जमेल तिथं नाइस, नाहीच जमलं तर रीनाइस.

खाली जाता येतं, वर येता येत नाही

साध्या युजरला स्वतःच्या प्रोसेसचा आकडा वाढवता येतो, उतरवता येत नाही. नुसतं शून्याच्या खालीच नाही, १५ केलेलं परत ० करायलापण सुडो, म्हणजे रूटचा अधिकार, लागतं. हे मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये एकाच सर्व्हरवर पन्नास पोरं लॉगिन झाली तर पन्नासही जण स्वतःला उणे २० करून बसतील.

खरंच एखाद्या युजरला मुभा द्यायची असेल तर /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ मध्ये युजरचं नाव, मग डॅश, मग नाइस, मग किती खालपर्यंत जाऊ द्यायचं तो आकडा, उदाहरणार्थ -५, अशी एक ओळ घालायची. लॉगआउट करून परत लॉगिन केल्यावरच ती लागू होते. उणे २० मात्र कुणाला देऊ नका. तेवढ्या वरचा एखादा प्रोग्रॅम लूपमध्ये अडकला तर टर्मिनल उघडून त्याला मारायचीच मारामार होईल.

नाइस बरोबर लावलं, तरी फरक नाही?

थ्रेड तपासले, डिस्क तपासली, तरी आकड्याप्रमाणं वाटणी दिसत नाही. मग ग्रुपचा मामला आहे.

२०११ ला कर्नल २.६.३८ मध्ये ऑटोग्रुप नावाची सोय आली. एकेक सेशन, म्हणजे साधारण एकेक टर्मिनल, हा एक गट धरायचा, आधी गटागटात सीपीयू सारखा वाटायचा आणि मग गटाच्या आत नाइस बघायचं. म्हणजे दोन टर्मिनलमध्ये एकेक येस सोडला, एक ० वर आणि एक १९ वर, तरी दोघांना पन्नास पन्नास मिळू शकतं, कारण आपापल्या गटात दोघंही एकटेच. नाइस कुणाशी तुलना करणार? चालू आहे का ते असं बघा:

कॅट /प्रॉक/सिस/कर्नल/शेड_ऑटोग्रुप_एनेबल्ड

१ आलं तर चालू. एखाद्या पूर्ण गटालाच खाली ढकलायचं असेल तर त्यातल्या कुठल्याही प्रोसेसच्या ऑटोग्रुप फाइलमध्ये आकडा लिहायचा, एको १० > /प्रॉक/पीआयडी/ऑटोग्रुप.

सिस्टमडी (सर्व्हिस सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम) असलेल्या मशीनवर आणखी एक मजला आहे, सीग्रुप. तिथं सर्व्हिस, युजर, कधी कधी डेस्कटॉपवरचं एकेक ॲप यांचे वेगळे गट असतात आणि प्रत्येक गटाचं वजन आधी बघितलं जातं. हे वजन म्हणजे सीपीयूवेट, १ ते १००००, काही सांगितलं नाही तर १००. इथं आकडा जास्त म्हणजे हक्क जास्त, नाइसच्या एकदम उलटं, शाबास! कुठली प्रोसेस कुठल्या गटात आहे ते कॅट /प्रॉक/पीआयडी/सीग्रुप ने कळतं, आणि सिस्टमडी-सीजीटॉप लावलं की कुठला गट किती खातोय ते दिसतं. दोन प्रोसेस वेगळ्या गटात असतील तर नाइसचा नाद सोडा, गटाचं वजन बदला. जड काम सुरुवातीलाच हलक्या गटात सोडायला:

सिस्टमडी-रन --युजर --स्कोप -पी सीपीयूवेट=२० एफएफएमपेग -आय लग्न.एमओव्ही लग्न.एमपी४

याचा फायदा असा की आत किती का थ्रेड, किती का चाइल्ड प्रोसेस असेनात, सगळा गठ्ठा एकाच वजनात बसतो. नव्या डिस्ट्रोवर मी तर आता जड कामाला हेच सुचवतो. बऱ्याच जुन्या डिस्ट्रोवर साध्या युजरला सीपीयूचा कंट्रोल दिलेला नसतो, तिथं ही कमांड चालते पण वजन काही लागत नाही, मग आपलं साधं नाइसच बरं.

डिस्क अडली असेल तर: आयोनाइस

रात्रीचा बॅकअप दिवसा लागला, किंवा शूटिंगचं कार्ड घालून शंभर जीबी कॉपी करायला टाकलं, की सीपीयू रिकामा आणि तरी मशीन गचके खाते. इथं आयोनाइस. त्यात तीन क्लास, १ रिअलटाइम, २ बेस्ट एफर्ट, ३ आयडल. बेस्ट एफर्टमध्ये परत ० ते ७, कमी आकडा म्हणजे आधी. कुणी काही लावलं नाही तर हा आकडा नाइसवरूनच निघतो, नाइस ० असेल तर ४.

आयोनाइस -सी ३ आरसिंक -ए /होम/ /मीडिया/बॅकअप/ (आरसिंक म्हणजे फाइली कॉपी करायची कमांड)

आयडल क्लास म्हणजे दुसऱ्या कुणाला डिस्क नको असेल तेव्हाच याला. फिरणाऱ्या हार्डडिस्कवर फरक डोळ्याला दिसतो. पण आधी डिस्कचा आयओ शेड्युलर कुठला आहे ते बघा, कॅट /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्युलर, ज्याच्याभोवती चौकोनी कंस तो चालू. बीएफक्यू असेल तर आयोनाइस मनापासून पाळलं जातं. एनव्हीएमई एसएसडीवर बहुतेक वेळा नन असतं, म्हणजे शेड्युलरच नाही, तिथं आयोनाइस लावणं आणि न लावणं सारखंच.

आयडल, बॅच आणि रिअलटाइम

नाइस १९ च्यापण खाली एक जागा आहे, आयडल पॉलिसी. तिचं वजन फक्त ३. सीएचआरटी -आय ० आणि पुढं कमांड. चालू प्रोसेसला सगळ्या थ्रेडसकट लावायचं असेल तर सीएचआरटी -ए -आय -पी ० पीआयडी, हा -ए असल्यामुळं वरची टास्कची कसरत करावी लागत नाही. बॅच पॉलिसीपण आहे, तिचा दुकानाच्या मशीनवर काही खास उपयोग नाही.

रिअलटाइम म्हणजे फीफो आणि आरआर, प्रायॉरिटी १ ते ९९, आणि इथं मोठा आकडा वर. या प्रोसेस साध्या सगळ्यांच्या पुढं, नाइस उणे २० वाल्यांच्यासुद्धा. प्रमाणात वाटणी वगैरे काही नाही, रिअलटाइमवाला उठला की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये कुणी लिनक्सवर लिनक्ससीएनसी लावून मशीन चालवत असेल तर त्याला हे लागतं, मोटरला पल्स ठरल्या क्षणाला गेलाच पाहिजे. आवाजाच्या कामालापण लागतं, पण ते पाइपवायर (आवाज सांभाळणारा प्रोग्रॅम) आरटीकिट नावाच्या सर्व्हिसकडून स्वतःच मागून घेतं. २०२४ ला ६.१२ कर्नलमध्ये पूर्ण रिअलटाइमचे पॅच मेनलाइनमध्ये, म्हणजे मुख्य कर्नलमध्ये, आले, त्यामुळं अशा कामाला वेगळा कर्नल बांधायची गरज बरीच कमी झाली.

तुम्ही मात्र ब्राउझर फास्ट व्हावा म्हणून सीएचआरटी -एफ ९९ लावायला जाऊ नका. अडकलेला फीफो लूप तो कोर धरून बसतो. कर्नल साध्या प्रोसेससाठी ५ टक्के वेळ राखून ठेवतो, रिअलटाइमला दर सेकंदाला ०.९५ सेकंदच, तेवढ्यात माउस सरकतसरकत नेऊन किल मारता आला तर आला.

कायमचं लावून ठेवायला

रोज हाताने कोण टाइप करणार. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) बॅकअपची ओळ असेल तर तिच्याच पुढं जोडून टाका, दोन्ही एकत्र चालतात:

० १४ * * * नाइस -एन १५ आयोनाइस -सी ३ /होम/दुकान/बॅकअप.एसएच

सर्व्हिस असेल तर सिस्टमसीटीएल एडिट आणि सर्व्हिसचं नाव, मग सर्व्हिस विभागाखाली नाइस=१५, आयओशेड्युलिंगक्लास=आयडल, सीपीयूवेट=२०, सेव्ह करून सर्व्हिस रीस्टार्ट. सीपीयूकोटा=५०% असंपण लिहिता येतं पण ते मला दुकानाच्या मशीनवर आवडत नाही, कारण तो पक्का लगाम आहे, रात्री मशीन पूर्ण रिकामी असली तरी ते काम अर्ध्या कोरवरच रेंगाळणार. लॅपटॉप तापतोय किंवा इन्व्हर्टरवर चाललंय आणि बॅटरी वाचवायचीय, तेव्हा कोटा ठीक.

आणि एफएफएमपेगसाठी बॅशआरसी फाइलमध्ये एक एलियस, म्हणजे कमांडीचं टोपणनाव:

एलियस एफएफएमपेग='नाइस -एन १५ आयोनाइस -सी ३ एफएफएमपेग'

नवीन टर्मिनल उघडलं की लागू. दुकानात बसणाऱ्या पोराला काही सांगायची गरज नाही, तो नेहमीसारखं एफएफएमपेगच टाइप करतोय. फक्त एलियस स्क्रिप्टच्या आत चालत नाहीत, आणि माउसने उघडलेल्या व्हिडिओ एडिटरलापण हे लागत नाही, त्याच्या डेस्कटॉप फाइलमध्ये एक्झेक असलेल्या ओळीत नाइस वेगळं घालावं लागतं. रेंडर ग्राफिक कार्डवर होत असेल तर तिथलं भांडण नाइस सोडवत नाही, सीपीयूकडं जेवढं काम येतं तेवढ्यापुरतंच ते.